आईकडून आलेलं

तापीकाठच्या त्या गावात जसोदाबाईला रतिलाल पाटलाची बायको म्हणून सगळे ओळखत होतेच, पण बाहेरगावचा पाहुणा आला की तिची ओळख निराळी करून दिली जायची. "ह्याच त्या. पोराला किडनी दिली यांनी." पाहुणा हात जोडायचा. जसोदाबाई पदर सावरून आत चहा टाकायला जायची.

लग्न होऊन ती या गुजर घरात आली तेव्हा घरात केळीची बाग होती, कापूस होता, दावणीला चार म्हशी होत्या. फक्त मूल लवकर झालं नाही. योगेंद्र झाला तेव्हा रतिलालने गावभर पेढे वाटले. मुलगा अंगाने किरकोळ, पण हुशार. आठवीत असताना शहाद्याच्या शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला, की याचं वर्गात लक्ष नसतं. लक्ष होतं, ऐकू कमी येत होतं. कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं आणि घरातल्यांनी त्याच्याशी मोठ्याने बोलायची सवय लावून घेतली. पुढे धुळ्याला कॉलेजात असताना एका दिवाळीला तो घरी आला तो सुजलेलं तोंड घेऊन. दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

सुरतच्या दवाखान्यात रतिलाल पुढे झाला, "माझी घ्या." पण त्याला शुगर होती. मग जसोदाबाईच्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही बरंच जुळलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात, माहेरी कुणाला किडनीचा आजार?" तिने नाही म्हणून सांगितलं. तिच्या माहेरी किडनी हा शब्दच कधी कुणी उच्चारला नव्हता. तिच्या लघवीत रक्ताच्या बारीक खुणा सापडल्या होत्या, त्या पुन्हा तपासल्या, अगदी थोड्या आहेत म्हणून सोडून दिल्या. जनुकाची तपासणी त्या काळी या भागातल्या माणसाच्या कानावरही आलेली नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. कुशीत लांब टाका पडला आणि टाक्याखालची तळहाताएवढी कातडी कायमची बधीर झाली. तिथे मुंगी चावली तरी जसोदाबाईला कळत नसे. तिचं तिला काही वाटलं नाही. पोरगा लघवी करत होता, जेवत होता, मोटारसायकलवर बसून शहाद्याला जात होता. तिथे त्याने खताबियाण्यांचं दुकान टाकलं. कोकिळा नावाची मुलगी सगळं माहीत असून त्याच्याशी लग्नाला तयार झाली. भूमिका जन्मली. एका महिला दिनाला गावच्या शाळेत जसोदाबाईचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. मुख्याध्यापकांनी आईवर भाषण केलं तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. पण घरी आल्यावर ती शाल तिने गाठोड्यात न टाकता खुंटीवर लावली, ही गोष्ट खरी.

ऑपरेशननंतर चौदाव्या वर्षी योगेंद्रच्या रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागलं.

हा शब्द घरात सगळ्यांना पाठ होता. आधी थोडं वाढलं, औषध बदललं. पुन्हा वाढलं. योगेंद्रच्या घोट्यांवर सूज दिसू लागली आणि त्याला दुकानाच्या पायऱ्या चढताना दम लागू लागला. सुरतला आता जुने डॉक्टर नव्हते, त्यांच्या जागी एक तरुण बाई होती. ती गुजरातीतून बोलायची, आणि गुजर घरातल्या माणसांना ते सगळं समजायचं. तिने योगेंद्रच्या कानातल्या मशीनकडे पाहिलं.

"हे कधीपासून?"

"शाळेपासून."

"आणि पहिल्यांदा किडनी गेली तेव्हा वय काय होतं?" तिने पेन खाली ठेवलं. "आपण जनुकाची तपासणी करू. दुसरी किडनी कुणाची घ्यायची, ते त्याच्यावर ठरेल."

योगेंद्रचं रक्त घेतलं, मग जसोदाबाईचं. महिन्याभराने सगळ्यांना बोलावलं. डॉक्टरीण जसोदाबाईकडे वळून, सावकाश, शाळेतल्या बाईसारखी बोलली. किडनीत रक्त गाळणारी एक बारीक जाळी असते. या घरात त्या जाळीचा धागाच कच्चा विणला जातो. तोच धागा कानातही असतो, म्हणून ऐकूही कमी येतं. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. बाईजवळ त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बिघडलेली असली तर दुसरी सांभाळून घेते, म्हणून बायका पुष्कळदा धडधाकट दिसतात. पुरुषाजवळ एकच असते. ती बिघडलेली आली तर सांभाळणारं कुणी नाही.

"तुमच्या माहेरी कुणाला ऐकायला कमी येत होतं का?"

"भाऊ होता," जसोदाबाई म्हणाली. "प्रेमचंद."

"त्यांचं काय झालं?"

"सुजला आणि गेला. लग्न ठरलं होतं. अंगात पाणी झालं असं म्हणत होते."

डॉक्टरणीने प्रेमचंदचं नाव कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही दिलेल्या किडनीतली काही जाळी चांगली होती, काही कच्ची. ती चौदा वर्षं चालली, ही कमी गोष्ट नाही. कच्ची नसती तर आणखी चालली असती का, ते मला छातीठोक सांगता येणार नाही. शरीर परक्या किडनीला आतून विरोध करतच असतं, औषधांचाही परिणाम असतो. सगळंच त्यात येतं." मग तिने जसोदाबाईचे कागद पुढे ओढले. "तुमच्या उरलेल्या किडनीतूनही आता प्रोटीन जायला लागलंय. तुम्हाला गोळी सुरू करावी लागेल."

रतिलालने विचारलं, "म्हणजे रोग बी हिनाच आनी किडनी बी हिनीच?"

"असं म्हणायचं नाही, काका. यात कुणाचा दोष नसतो."

कोकिळा खुर्चीत पुढे सरकली. तिने विचारलं, "आणि आमची मुलगी?"

"वडिलांकडे एकच प्रत असते आणि ती मुलीला मिळतेच," डॉक्टरीण म्हणाली. "भूमिकाला ती आलेली आहे असंच धरून चाला. तिला कदाचित आयुष्यभर काही होणार नाही. पण दरवर्षी लघवी तपासायची, ब्लडप्रेशर बघायचं. चुकवायचं नाही."

बाहेर लाकडी बाकावर जसोदाबाई बसली. आता रडू येईल असं वाटून तिने पदराचं टोक हातात धरून ठेवलं. बराच वेळ धरून ठेवलं. आलं नाही. समोर एक माणूस नारळपाणी पीत होता, ते तिने पूर्ण संपेपर्यंत पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "जेवाले कोठे जावानं?"

रतिलालने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. ती जेवली. दोन पोळ्या खाल्ल्या. परतीच्या गाडीत योगेंद्रने कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि डोळे मिटून घेतले. नवापूर गेलं, नंदुरबार गेलं, प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल आला.

घरी आल्यावर रतिलालने एकच गोष्ट बजावली. "गावमा हाई बोलानं नही. उद्या भूमिकानं लगीन करनं शे."

भूमिका तेव्हा पाचवीत होती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते जसोदाबाईला नीट सांगता येत नाही. कामं सगळी झाली. म्हशींचं दूध काढलं, केळीच्या घडांवर पिशव्या चढवणाऱ्या बायकांना पाणी नेऊन दिलं, पापड लाटले. योगेंद्रचं डायलिसिस सुरू झालं. तो आठवड्यातून ठरल्या दिवशी नंदुरबारला जायचा आणि संध्याकाळी राखेच्या रंगाचा होऊन परत यायचा. ती त्याचं ताट वाढायची. मीठ कमी, पाणी मोजून. शेजारची गजराबाई येऊन म्हणायची, "आते कोन देई व किडनी? तू त दिधी, माय शे म्हनीसन." जसोदाबाई मान हलवायची. खुंटीवरची शाल तिने काढून पेटीत ठेवली, तेव्हाही काही वाटलं नाही. धूळ बसते म्हणून ठेवतेय, असंच ती स्वतःशी म्हणाली.

एकदा योगेंद्र अंगणातल्या खाटेवर पडला होता. ती त्याच्या पायाशी बसली होती. तो एकदम म्हणाला, "माय, तुन्हं मन्हं सामान एकच कंपनीनं शे. बिघाड बी एकच."

आणि हसला. तिला हसता आलं नाही. तिने त्याच्या घोट्यावर बोट दाबून पाहिलं, बोटाचा खड्डा भरायला किती वेळ लागतो ते. खड्डा तसाच राहिला. योगेंद्रने तिचा हात बाजूला केला नाही.

कोकिळा मात्र तिच्याशी बोलायची बंद झाली होती. भांडण नव्हतं. कामापुरते शब्द होते, "तेल संपनं", "गॅसवाला उना", एवढंच. मग एका दुपारी दोघी शेंगा फोडत बसल्या असताना कोकिळेने वर न बघता विचारलं, "आत्या, तुम्हले ठाऊक व्हतं का?"

"नही."

"प्रेमचंदमामाना कान तर ठाऊक व्हता."

"कान व्हता. कानना आनी किडनीना काय संबंध, ते कोनले ठाऊक?" जसोदाबाईचा आवाज सपाट होता, जणू दुसऱ्या कुणाची हकीकत सांगतेय. "मन्ही मायले बी ठाऊक नही व्हतं. ती तर पोऱ्याले नजर लागनी म्हनीसन बसनी."

कोकिळेने शेंगेची टरफलं मुठीत चुरली. "मन्ही भूमिकाले मी काय सांगू?"

जसोदाबाईने आणखी शेंगा पुढ्यात ओढल्या. मग कोकिळा म्हणाली, "किडनी मी देसू. मी डॉक्टरीनले फोनवर इचारी लिधं. मन्हा रक्तगट चालस. जुळस कमी, पन चालस. मन्हामा तुमना घरनं काहीच नही ना."

हे शेवटचं वाक्य टोचण्यासाठी होतं की नुसतं खरं होतं म्हणून बोललं गेलं, ते जसोदाबाईला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. तिने सुनेकडे पाहिलं. कोकिळेचा चेहरा घामाने चमकत होता. जसोदाबाई उठली, तिच्यासाठी माठातलं पाणी आणलं आणि पुढे ठेवलं. कोकिळेने ते प्यायलं.

कोकिळेच्या माहेरचे लोक आले, मोठ्याने बोलले, निघून गेले. कोकिळा हटली नाही. किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे उभं राहून तिने सांगितलं, की मला कुणी भाग पाडलेलं नाही. सुरतला दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी जसोदाबाई बाहेरच्या बाकावर होती. मागच्या वेळी ती आत टेबलावर होती, तिला काही कळलं नव्हतं. बाहेर बसणं हे काय असतं, ते रतिलालने मागच्या वेळी सोसलेलं होतं. त्याने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि शेजारी बसून राहिला. कप गार झाला तरी तो तिच्या हातात तसाच होता, आणि मग त्यानेच तो काढून घेतला.

किडनी चालली. दुसऱ्या दिवशी कोकिळा शुद्धीवर आल्यावर सासूला म्हणाली, "आत्या, आठे कुशीमा काहीच कळी नही ऱ्हायनं."

"व्हस तसं," जसोदाबाई म्हणाली. "मन्हं बी तसंच शे."

दोघांना घरी आणलं तरी डॉक्टरणीचं एक वाक्य जसोदाबाईच्या डोक्यात राहिलं होतं. निघताना तिने विचारलं होतं, "तुम्हाला बहीण आहे का? तिला मुलगे आहेत का?" बहीण होती. मंगलाबाई, तिच्यापेक्षा बरीच लहान, तळोद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी दिलेली. मंगलाला दोन मुलगे. थोरल्याचं लग्न झालेलं, धाकटा लखन, त्याला मुली बघणं चालू होतं.

तिने रतिलालला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. एका सकाळी तिने शहाद्याहून तळोद्याची बस धरली आणि पुढे वडापच्या जीपमध्ये बायकांच्या मध्ये दाटीने बसून बहिणीच्या दारात जाऊन उभी राहिली.

मंगलाबाई खूश झाली. "अव ताई! फोन नही, काही नही, तू कशी उनी?" तिने लोटा दिला, खुर्ची दिली. आतल्या खोलीत टीव्ही लागलेला होता. इतका मोठा, की दोघींना एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. मंगलाबाई आत ओरडली, "लखन, कमी कर रे!" टीव्ही कमी झाला नाही. ती उठून गेली आणि स्वतः कमी करून आली.

जसोदाबाई त्या उघड्या दाराकडे बघत राहिली. सांगायचं म्हणून जे जुळवून आणलं होतं, त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. तिने सरळच सांगितलं. जाळी, कान, प्रेमचंद, योगेंद्र, आपण दोघी. "एक डाव लखननी लघवी तपासी ले. मोठाले बी सांग. तू बी कर."

मंगलाबाईचा चेहरा हळूहळू बंद झाला.

"मन्हा पोरं धडधाकट शेत," ती म्हणाली. "लखनले परवा पाहुना येवाना शेत. आनी तू हाई आज सांगाले उनी? तुन्हा घरनं मन्हा घरमा आनू नको, ताई."

"हाई मन्हा घरनं नही, मंगला. हाई आपली मायनं शे."

मंगलाबाई आत गेली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला, पण चहा आला नाही. जसोदाबाई थोडा वेळ खुर्चीत बसली, मग पिशवी उचलून निघाली.

फाट्यापर्यंत सोडायला लखन मोटारसायकल घेऊन आला. उंच, हसरा पोरगा, नुकतीच दाढी राखलेला. मावशी उन्हात चालत जाणार हे त्याला बरं वाटलं नव्हतं. फाट्यावर ती उतरली आणि तिने त्याच्या डाव्या कानाजवळ तोंड नेऊन विचारलं, "लखन, तुले आयकू कमी येस का?"

तो वरमला. "या कानमा जरासं. मायले सांगेल नही. आते लगीननं चाली ऱ्हायनं ना."

मग तिने त्यालाही सांगितलं. जीप येईपर्यंत. मोठ्याने सांगावं लागलं. शेजारी टरबूज विकणारी बाई ऐकत होती, तरी ती थांबली नाही. लखनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मामा कितला वर्सना व्हता?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. तो जीपच्या धुळीत तसाच उभा राहिला, आणि तिने मागे वळून पाहिलं तेव्हाही तिथेच होता.

परतीच्या वाटेवर तिला अपराधी वाटायला हवं होतं, किंवा हलकं. तसं काही झालं नाही. जीपमध्ये एका बाईच्या मांडीवरचं मूल तिच्या खांद्यावर झोपलं आणि ती त्याचं डोकं सावरत बसली. घरी रतिलालने विचारलं, कुठे गेली होतीस. तिने सांगितलं. तो खूप बोलला. तिने ऐकून घेतलं आणि त्याची शुगरची गोळी पाण्याबरोबर पुढे केली.

लखन तपासून घ्यायला गेला. आईला न सांगता, एकटा, आधी तळोद्याला आणि मग सुरतला. त्याच्या लघवीत रक्त होतं, प्रोटीन होतं, पण किडनी अजून शाबूत होती. डॉक्टरणीने जसोदाबाईच्याच गोळ्या त्याला जास्त जोराच्या लिहून दिल्या आणि म्हणाली, की तू वेळेवर आलास. किडनी पुष्कळ वर्षं टिकवता येईल. थोरल्याच्या तपासणीत काहीच निघालं नाही. ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांना लखनने स्वतः सांगितलं होतं. मंगलाबाईने बहिणीशी बोलणं टाकलं. रक्षाबंधन गेलं, दिवाळी गेली, माहेरच्या एका लग्नात दोघी एकाच मांडवात होत्या, तरी मंगलाबाई तोंड फिरवून पलीकडच्या रांगेत जेवायला बसली.

जसोदाबाईने त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही. कोकिळा मात्र बोलली. भाकरी थापता थापता एकदा म्हणाली, "आत्या, तुम्ही गयात ते बेस करं." एवढंच. आणि त्या वर्षापासून भूमिकाला लघवी तपासायला शहाद्याला नेण्याचं काम तिने सासूकडे दिलं. स्वतः नेली असती तर चाललं असतं, पण दिलं.

फोन आला तो उन्हाळ्याच्या तोंडाशी, केळीची गाडी भरली जात असताना. अंगणात माणसांचा गलबला होता. जसोदाबाई फोन घेऊन गोठ्याच्या मागे गेली.

"ताई," मंगलाबाई म्हणाली. मग एकदम तक्रारीच्या सुरात, "मन्हं बी तपासं. मन्हामा बी शे म्हनतस. माले बी गोळी दिधी."

"कोनती?"

"पांढरी. बारीक शे. खाधी का खोकला येस."

"माले बी येस. डॉक्टरले सांग, बदली देतस."

"सकायनी खाऊ का रातनी?"

"मी सकायनी खास. चहानंतर."

"उपाशी नही ना चालत?"

"चालस. पन मी चहानंतर खास."

पलीकडे मंगलाबाई रडायला लागली होती. जसोदाबाई फोन कानाला लावून उभी राहिली आणि ते रडणं ऐकत राहिली. म्हैस वळून तिच्याकडे बघत होती. आपल्यालाही आता येईल, असं तिला वाटलं, पण आलं नाही. तिने ते ओढून आणायचा प्रयत्न केला नाही. बहिणीचं आवरेपर्यंत ती थांबली, मग म्हणाली, "लखनले मीठ कमी दे. लोणचं बंद कर त्यानं."

"लोणचं सोडत नही व तो."

"मंग मी येस. मी सांगसू त्याले."

"ये," मंगलाबाई म्हणाली. "फोन करीसन ये. या डाव चहा करी ठेवसू."